मनगटाच्या पट्टीची गोष्ट

कुठल्याही आयटी कंपनीच्या मजल्यावर दुपारी चारच्या चहाच्या वेळी एक चक्कर मारा. मनगटाला काळी वेल्क्रोची पट्टी गुंडाळलेला एखादा तरी प्राणी सापडेलच. "काय रे, काय झालं?" विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "कार्पल टनल आहे बहुतेक." लगेच आजूबाजूचे तीन सल्लागार जमा होतात. पहिला म्हणतो, "पूर्ण विश्रांती दे, महिनाभर माऊसला हात लावू नकोस." दुसरा म्हणतो, "छे छे, व्यायाम कर, हात चालता ठेव." तिसऱ्याच्या मावसभावाने ऑपरेशन करून घेतलेलं असतं, त्यामुळे तो थेट सर्जनचा नंबरच देतो.

गंमत म्हणजे हे तीन सल्लागार आजचे नाहीत. गेली तीनशे वर्षं ते असेच भांडताहेत. आधी पिसाची लेखणी होती, मग टाक आला, मग तारेची किल्ली, मग टाइपरायटर आणि आता कीबोर्ड. यंत्र बदललं, भांडण तेच. या विकांताला त्या भांडणाचा इतिहास लिहायचा बेत आहे. आपलं पोट अक्षरशः हातावर असल्यामुळे तो आपल्याला माहीत असलेला बरा. (मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. तेव्हा हा लेख इतिहास म्हणून वाचा, प्रिस्क्रिप्शन म्हणून नको.)

सुरुवात इटलीपासून. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक डॉक्टर होता. कामधंद्यामुळे होणाऱ्या आजारांवर त्याने १७०० साली लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिलं. त्या काळी बडे डॉक्टर बड्या लोकांच्या वाड्यांवर जायचे. हा पठ्ठ्या मात्र मैला उपसणारे, कुंभार, गवंडी असल्या लोकांकडे जाऊन त्यांना विचारायचा की बाबा रे, तू काम काय करतोस? १७१३ साली त्याने पुस्तकाची वाढीव आवृत्ती काढली, आणि तिच्यात लेखनिक आणि कारकुनांवर एक प्रकरण घातलं. लिहिणाऱ्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची तीच ती न संपणारी हालचाल, आणि हिशोबात चूक होऊ नये म्हणून डोक्यावर असलेला ताण. तीनशे वर्षांपूर्वीची ही यादी वाचली की "अरे, हा तर आमच्या रिलीजच्या आठवड्याबद्दल बोलतोय!" असं वाटतं. तिसरं कारण विशेष लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

रामाझ्झिनीने आपल्या ओळखीच्या एका नोटरीची गोष्टही सांगितली आहे. आयुष्यभर भराभर लिहून या माणसाचा उजवा हात आधी थकायला लागला आणि शेवटी पार लुळा पडला. कुठल्याही औषधाचा उपयोग झाला नाही. मग त्याने जिद्दीने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं. थोड्याच दिवसांत डाव्या हाताचीही तीच गत झाली! आपल्या भाषेत सांगायचं तर लोड दुसऱ्या सर्व्हरवर टाकला, पण लोड तसाच ठेवला. दुसराही सर्व्हर बसला. उजवा हात दुखतो म्हणून माऊस डावीकडे घेणाऱ्यांनी या नोटरीची आठवण ठेवावी.

यानंतर सव्वाशे वर्षांनी जर्मनीत एका तरुणाने याच्या बरोबर उलटी चूक केली. त्याचं नाव रॉबर्ट शूमान. पाश्चात्त्य संगीतातला मोठा संगीतकार, पण १८३१ च्या सुमारास तो लायप्झिगमध्ये पियानोवादक व्हायची धडपड करत होता. वय वर्षं एकवीस. उजव्या हाताचं मधलं बोट मनासारखं चालेना, म्हणून त्याने तासन्‌तास रियाज वाढवला आणि बोटाला ताण देणारं एक यंत्रही वापरलं. बोट सुधारायच्या ऐवजी आणखी हाताबाहेर गेलं. मग उपचार सुरू झाले. वनस्पतींच्या पट्ट्या झाल्या, विजेचे झटके झाले, आणि सगळ्यात कहर म्हणजे नुकत्याच कापलेल्या जनावराच्या गरम आतड्यांमध्ये हात बुडवून बसणं! या उपचाराला तेव्हा चक्क 'प्राण्यांची आंघोळ' म्हणत आणि तो प्रतिष्ठित डॉक्टर सांगत असत. उपयोग शून्य. शूमानचं पियानोवादक होण्याचं स्वप्न तिथेच संपलं आणि तो पूर्णवेळ रचनाकार झाला. जगाला एक मोठा संगीतकार मिळाला हे खरं, पण त्याच्या बोटाचा विचार केला तर ही शोकांतिकाच.

म्हणजे नोटरीने लोड कमी केला नाही आणि शूमानने तो मुद्दाम वाढवला. दोघांचेही हात गेले.

आता आपली पट्टी. १८५० च्या दशकात जेम्स पॅजेट या इंग्लिश सर्जनने आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या एका रुग्णाची हकीकत नोंदवली. या माणसाचं मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. ते जुळताना तिथे जास्तीचं हाड वाढलं आणि तळहाताकडे जाणारी मुख्य नस दाबली गेली. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांवर जखमा झाल्या, आणि त्या काही केल्या भरेनात. शेवटी मनगट अशा रीतीने बांधून ठेवलं की नसेवरचा दाब कमी होईल. जखमा भरल्या! पट्टी सोडून हात कामाला लावला की जखमा परत आल्या.

या छोट्याशा हकीकतीत दोन गोष्टी आहेत. एक, त्रास बोटात दिसत असला तरी बिघाड मनगटात होता. (बग एका मॉड्यूलमध्ये आणि एरर दुसऱ्याच स्क्रीनवर, हा अनुभव आपल्याला नवा नाही.) दुसरी, सुरी न लावता, फक्त मनगटाची स्थिती बदलून नसेवरचा दाब कमी करता येतो. आजच्या वेल्क्रोच्या पट्टीमागचं तत्त्व हेच आहे. पण पॅजेटच्या रुग्णाने पट्टीची मर्यादाही दाखवून दिली होती. पट्टी बांधलेली असेपर्यंतच आराम. पुढे काय, हा प्रश्न राहिलाच.

त्या 'पुढे काय'चं पहिलं चांगलं उत्तर डॉक्टरकडून आलं नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात कारकुनांची फौजच्या फौज तयार झाली होती. सरकारी कचेऱ्या, बँका, रेल्वे, विमा कंपन्या, सगळीकडे दिवसभर कागद खरडणारी माणसं. पिसाच्या लेखणीच्या जागी स्टीलच्या निबेचा टाक आला, आणि लिहिताना बोटं आखडण्याचा आजार इतका वाढला की दोष निबेवर गेला. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या सॅम्युअल सॉलीने १८६४ मध्ये या आजारावर व्याख्यानं दिली. पुढे जॉर्ज व्हिव्हियन पूर या डॉक्टरने एक शहाणपणाची गोष्ट केली. 'लेखनिकाचा आजार' म्हणून आलेल्या रुग्णांचा एकेक स्नायू त्याने नीट तपासला, आणि १८७८ मध्ये ७५ रुग्णांचं विश्लेषण छापलं. त्याच्या लक्षात आलं की एकाच नावाखाली वेगवेगळी दुखणी नांदताहेत. कुणाचा स्नायू थकलेला, कुणाची नस दुखावलेली, कुणाच्या मेंदूकडूनच बोटांना चुकीचे आदेश जाताहेत. उपचार म्हणून तो सौम्य वीजप्रवाह देता देता रुग्णाकडून तालात हलके व्यायाम करून घ्यायचा. विजेचा भाग पुढे मागे पडला, तालातल्या व्यायामाचा टिकला.

आणि मग येतो माझा या सगळ्या गोष्टीतला आवडता माणूस, फ्रँकफर्टचा युलियस वोल्फ. (हाडांचा नियम ज्याच्या नावाने ओळखतात तो बर्लिनचा सर्जन युलियस वोल्फ वेगळा. नावात गल्लत करू नका.) आपला वोल्फ होता सुलेखनाचा मास्तर! मुलांना वळणदार अक्षर शिकवणारा. १८८० च्या दशकात त्याने हात आखडलेल्या लोकांना बरं करायला सुरुवात केली. पद्धत साधी होती. बोटं, मनगट आणि हाताचे ठरावीक व्यायाम, मसाज, आणि मग अगदी पहिलीतल्या मुलासारखं पुन्हा नव्याने लिहायला शिकणं. आधी साध्या रेघा, मग अक्षरं, मग शब्द. हात झेपवेल तेवढंच, पण नियमाने. डॉक्टरांनी नाक मुरडलं असेल असं वाटतं ना? उलट पॅरिसचा शार्को आणि व्हिएन्नाचा बिलरोथ, म्हणजे त्या काळातले वैद्यकातले दोन दिग्गज, यांनी त्याची तारीफ केली. १८८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याच्या पद्धतीवर लेखही आला.

वोल्फला जमलं ते कशामुळे? माझं मत असं की त्याने 'विश्रांती का व्यायाम' हा प्रश्न बाजूला ठेवला आणि 'किती?' हा प्रश्न घेतला. मास्तर असल्याने रोज थोडं थोडं वाढवायची त्याला सवय होती. डॉक्टर औषधाची मात्रा मोजत होते, या माणसाने हालचालीची मात्रा मोजली.

पण ही गोष्ट जग लगेच विसरलं. कारण तोवर नवं यंत्र आलं होतं.

तारखात्यात मोर्सची किल्ली दिवसभर खालीवर दाबून दाबून तारमास्तरांचे हात जाऊ लागले. फ्रान्समध्ये १८७५ सालीच याची नोंद झाली होती. अमेरिकेत या दुखण्याला 'काचेचा हात' म्हणत. ब्रिटनमध्ये १९०८ साली या दुखण्याचा कामगार भरपाईच्या यादीत समावेश झाला, आणि तक्रारी इतक्या आल्या की पोस्टखात्याला समिती नेमावी लागली. १९११ च्या अहवालात समितीने दोन कारणं जोडीने दिली: माणसाचा मानसिक नाजूकपणा आणि हालचालींचा वारंवार येणारा थकवा. थोडक्यात काय, थोडा दोष कामाचा, थोडा तुझा. हे वाक्य पुढच्या प्रत्येक पिढीला वेगवेगळ्या शब्दांत ऐकावं लागलं आहे.

अमेरिकेत याच सुमारास होरेस मार्टिन याने या प्रश्नाला इंजिनियरचं उत्तर दिलं. त्याने १९०४ मध्ये 'व्हायब्रोप्लेक्स' नावाच्या किल्लीचं पेटंट घेतलं. ही किल्ली खालीवर दाबायची नसून आडवी हलवायची. अंगठ्याने एकदा ढकललं की आतली स्प्रिंग थरथरत राहते आणि टिंबांची मालिका आपोआप जाते. एकेका टिंबासाठी वेगळा दाब नको. हातांचा त्रास कमी झाला आणि वेगही वाढला. माझ्या मते एर्गोनॉमिक कीबोर्डचा हा खापरपणजोबा.

अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक नाव. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ द कर्व्हेन या सर्जनने १८९५ मध्ये पाच रुग्णांचं वर्णन छापलं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला कळ. तिथे अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) एका अरुंद बोगद्यातून जातात आणि तिथे घासून दाटतात. इंग्रजीत याला आधी 'धोबिणीचं मनगट' अशा अर्थाचं नाव होतं, कारण कपडे पिळणाऱ्या बायकांना ते व्हायचं. आज ते तान्ह्या बाळाला दिवसभर उचलणाऱ्या आयांना होतं, आणि मोबाईलवर अंगठा चालवणाऱ्यांनाही. अंगठ्याला धरून ठेवणारी पट्टी, उचलण्याची पद्धत बदलणं आणि गरज पडलीच तर एखादं स्टिरॉइडचं इंजेक्शन, एवढ्यावर यातले बरेच जण बरे होतात. म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या नावाने ओळखलं जाणारं हे दुखणं आज बहुतेकदा ऑपरेशनशिवायच सुटतं.

यानंतर गोष्ट येते आपल्या देशात. वोल्फने विसरवलेली मात्रा इथे पुन्हा सापडली, आणि तीही अशा हातांवर ज्यांना दुखतच नव्हतं.

पॉल ब्रँड हा इंग्लिश मिशनरी आईबापांचा मुलगा, जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. डॉक्टर होण्याआधी त्याने बांधकामाचं आणि सुतारकामाचं शिक्षण घेतलं होतं. १९४६ साली तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आला आणि कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांकडे वळला. ब्रँड त्याच्या ऑपरेशन्ससाठी प्रसिद्ध आहे, पण मला जास्त मोठं वाटतं ते त्याचं प्लास्टरचं काम. आखडून घट्ट झालेलं बोट जोर लावून सरळ केलं की आतलं मांस फाटतं, जखम भरताना आणखी आखडतं. म्हणून त्याने उलटी युक्ती केली. बोट जेवढं सहज सरळ होतं तेवढ्यावर प्लास्टर घालायचं. काही दिवसांनी काढायचं, बोट तेल-मालीश आणि व्यायामाने चालवायचं, आणि जे थोडंसं जास्त सरळ झालं तिथे पुन्हा प्लास्टर. असं आठवड्यामागून आठवडे. हलका ताण बराच काळ दिला तर शरीर स्वतःच त्या बाजूने वाढतं, हे त्याचं सूत्र.

आणि इथेच त्याला दुखण्याचं खरं काम कळलं. कुष्ठरोगात नसा बधिर होतात, त्यामुळे ताण जास्त झाला तरी रुग्णाला समजत नाही. दुखणं हा शरीराचा मॉनिटरिंग अलर्ट आहे. अलर्टच बंद असला की सर्व्हर जळेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. ज्यांना दुखत नाही अशा हातांवर काम करताना ब्रँडला ताण मोजायला शिकावं लागलं. १९६६ मध्ये तो अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथे गेला, आणि हाताच्या यांत्रिकीवरचं त्याचं काम तिथल्या हँड थेरपिस्टांच्या पिढ्यांना पाठ्यपुस्तकासारखं झालं. या थेरपिस्टांनी १९७७ मध्ये आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. वेल्लोरच्या प्लास्टरमधलं ज्ञान असं जगभर पोचलं.

याच काळात मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती मराठी माणसाला ठाऊक असायलाच हवी. एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन तरुणी १९३० साली भारतात आली, विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाली. (फलटणचे शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव, म्हणजेच इरावती कर्व्यांच्या कन्या जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई.) कमलाबाईंनी मध्यमवयात अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं, आणि १९५० मध्ये परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये या विषयाची भारतातली पहिली शाळा सुरू केली. १९५२ मध्ये या क्षेत्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. दुखऱ्या हाताला मापाची पट्टी बनवून देणं, ती कधी घालायची आणि कधी काढायची हे सांगणं, रोजच्या कामाची पद्धत बदलून देणं आणि हात पुन्हा कामाला लावणं, हे सगळं या शास्त्रात येतं. आपण मेडिकलच्या दुकानातून 'एक मीडियम साईझ द्या' म्हणून पट्टी आणतो तेव्हा यातला फक्त कापडाचा भाग विकत घेतो. बाकीची तीन कामं दुकानात मिळत नाहीत.

आता कार्पल टनल. मनगटात हाडांनी आणि वरच्या जाड पट्ट्याने बनलेला एक बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते. गर्दी वाढली की नस दबते. अंगठा आणि बाजूच्या बोटांना मुंग्या, रात्री झोपेतून उठवणारी कळ, आणि मग हात झटकत बसणं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या जॉर्ज फेलन यांनी १९५० पासून हे दुखणं डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं बसवलं. मनगट मिनिटभर वाकवून धरायची सोपी चाचणी त्यांचीच. १९६६ मध्ये त्यांनी सतरा वर्षांतल्या ६५४ हातांचा अनुभव छापला. ते स्वतः सर्जन, पण सौम्य दुखण्यात आधी पट्टी आणि इंजेक्शन वापरून बघा असं सांगणारे.

पट्टी मनगट सरळच का ठेवते, वाकवून का नाही? याचं आकड्यांतलं उत्तर १९८१ मध्ये मिळालं. अमेरिकन सर्जन रिचर्ड गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी घालून आतला दाब मोजला. मनगट सरळ असताना निरोगी हातात तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा, तर रुग्णांच्या हातात ३२. मनगट पुढे वाकवलं की रुग्णांमध्ये ९४ आणि मागे वाकवलं की ११०. निरोगी हातातही वाकवल्यावर दाब ३० च्या आसपास जातो. आपण झोपेत मनगट दुमडून उशीखाली घालतो, म्हणून रात्री कळ येते, आणि म्हणून ही पट्टी मुख्यतः रात्रीची आहे. पॅजेटच्या रुग्णाला जे अनुभवाने कळलं होतं त्याला सव्वाशे वर्षांनी आकडा मिळाला. आपल्यातले बरेच जण मात्र पट्टी दिवसभर ऑफिसात मिरवतात आणि रात्री काढून झोपतात!

एवढं ज्ञान जमा झाल्यावर तरी भांडण मिटायला हवं होतं. पण १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जे झालं ते वाचून मी खरंच हादरलो.

कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड कचेऱ्यांत आले, आणि हजारो लोकांचे हात दुखायला लागले. आर.एस.आय., म्हणजे तीच ती हालचाल करून होणारी इजा, असं नाव मिळालं. १९८४-८५ मध्ये लाट शिगेला पोचली. उपचार काय? बहुतेक वेळा पूर्ण विश्रांती. हाताला पट्ट्या, महिनोन्‌महिने रजा, 'काही म्हणजे काही करू नका'. वापर थांबला की स्नायू वाळतात, सांधे आखडतात, आणि 'हात हलवला की इजा होईल' ही भीती पक्की होते. कित्येकांची दुखणी वर्षानुवर्षं लांबली. दुसऱ्या बाजूने खिल्लीही सुरू झाली. ढोंग म्हणून हिणवलं गेलं, 'कांगारूचा पंजा' असं टोपणनावही मिळालं.

तिथल्या टेलिकॉम कंपनीचे १९८७ मध्ये छापलेले आकडे फार बोलके आहेत. सगळ्यात जास्त कळा दाबणाऱ्या तार विभागातल्या ऑपरेटर्समध्ये तक्रारी होत्या हजारी ३४. त्यांच्या मानाने कितीतरी कमी कळा दाबणाऱ्या टेलिफोन ऑपरेटर्समध्ये हजारी ३४३. म्हणजे नुसत्या कळा मोजून हिशोब लागत नव्हता. रामाझ्झिनीचं तिसरं कारण आठवतंय? डोक्यावरचा ताण. कामावर आपलं किती नियंत्रण आहे, वर कोण घड्याळ घेऊन बसलंय, नोकरी टिकणार का, हे सगळं दुखण्यात मिसळतं. याचा अर्थ दुखणं खोटं असा मुळीच नाही. खरं दुखणंही भीतीने वाढतं, एवढाच अर्थ. १९११ च्या समितीने हे अर्धवट ओळखलं आणि दोष माणसाच्या माथी मारला. ऑस्ट्रेलियात काहींनी सगळा दोष कीबोर्डवर टाकला. दोन्ही पक्षांच्या मधे रुग्णांचे हात मात्र पट्टीत बांधलेले राहिले.

अलीकडचं संशोधन काय म्हणतं ते पटकन सांगतो. डेन्मार्कमध्ये हजारो कॉम्प्युटर वापरणाऱ्यांवर झालेल्या २००३ च्या अभ्यासात कीबोर्डचा आणि कार्पल टनलचा संबंध आढळला नाही; आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत मात्र लक्षणं जास्त दिसली. म्हणजे मजल्यावरच्या प्रत्येक दुखऱ्या मनगटाला कार्पल टनल म्हणणं बरोबर नाही. पूरने १८७८ मध्ये तेच सांगितलं होतं: आधी नीट तपासा. नेदरलँड्समध्ये २००२ च्या चाचणीत पट्टी आणि ऑपरेशनची थेट तुलना झाली. तीन महिन्यांनी ऑपरेशनवाले ८० टक्के सुधारले होते, पट्टीवाले ५४ टक्के. दीड वर्षाने हेच आकडे ९० आणि ७५ झाले, पण तोवर पट्टीवाल्यांतल्या ४१ टक्के लोकांनी ऑपरेशनही करून घेतलं होतं. इंग्लंडमधल्या २०१८ च्या चाचणीत इंजेक्शन आणि रात्रीची पट्टी समोरासमोर आली. सहा आठवड्यांनी इंजेक्शन पुढे, सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच.

म्हणजे तिसऱ्या सल्लागाराचा मावसभाव अगदीच चुकलेला नव्हता! नस खरोखर दबली असेल, बधिरपणा कायमचा झाला असेल, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला असेल, तर पट्टी बांधून वाट बघत बसणं धोक्याचं आहे. सरळ डॉक्टर गाठावा. पण त्या टप्प्याच्या आधी बराच मोठा प्रदेश आहे, आणि बहुतेक दुखरे हात तिथेच असतात. त्या प्रदेशात वोल्फ मास्तर, ब्रँड आणि कमलाबाईंचं शास्त्र चालतं. योग्य वेळी आधार, योग्य वेळी हालचाल, रोज थोडं वाढवत नेणं, आणि कामाची पद्धत बदलणं.

हे शास्त्र दिसायला इतकं साधं आहे की दर पिढीत ते हरवतं. ऑपरेशनचा टाका दिसतो, गोळीचं पाकीट दिसतं. 'आज पाच मिनिटं, उद्या सहा' यात दाखवण्यासारखं काहीच नसतं. शिवाय त्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच गोष्ट ना मॅनेजरकडे असते ना आपल्याकडे. आपल्या इन्शुरन्समध्ये ऑपरेशनचा खर्च सहज बसतो. थेरपिस्टच्या दहा फेऱ्यांचं बिल बसतं का, ते एकदा आपापल्या पॉलिसीत बघाच.

तर पुढच्या वेळी क्यूबिकलमधल्या त्या पट्टीवाल्या मित्राभोवती सल्लागार जमले की चौथा सल्ला तुम्ही द्या. हे नक्की काय आहे ते हाताच्या डॉक्टरला किंवा थेरपिस्टला दाखव, पट्टी कुठल्या वेळी घालायची आणि किती आठवड्यांनी सोडायची ते विचार, आणि उद्या आजच्यापेक्षा थोडंसंच जास्त कर.

असो. लेख फारच लांबला. दोन तास एका जागी बसून टाइप करतोय, आता उठून जरा हात-पाय हलवतो. रामाझ्झिनीबुवांचं पहिलं कारण अजून लागू आहे.